अयस्कांत आणि कटिशूळ

पीक हातचे गेले, धंद्यात खोट आली, घरातला कर्ता पुरुष अकाली गेला, की त्या कुटुंबाचे ‘कंबरडे मोडले’ असे आपण म्हणतो, आणि त्याच कुटुंबातली एखादी बाई मुलांना हाताशी धरून उभी राहिली की तिने ‘कंबर कसली’ असेही आपणच म्हणतो. फारसीतून आलेल्या आणि ‘कटी’ला ग्रंथांपुरते ठेवून घरोघर रुजलेल्या या एका शब्दावर मराठी माणसाने आपल्या उभ्या आयुष्याचा जेवढा भार टाकला आहे, तेवढाच भार प्रत्यक्ष देहही पाठीच्या तळाशी असलेल्या पाच मणक्यांवर अहोरात्र टाकीत असतो; म्हणूनच ती जागा एकदा धरली म्हणजे उठणे-बसणे, कूस बदलणे, घागर उचलणे, देवापुढे वाकणे असा सारा दिनक्रमच दुखू लागतो.

माझी आजी कोकणातली. आषाढात गुडघाभर चिखलात दिवसदिवस ओणवे राहून भाताची लावणी केलेल्या तिच्या कमरेत उतारवयात जी उसण भरे, तिच्यावरचे घरगुती उपचार मी लहानपणी जवळून पाहिले आहेत. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधावयाचा आणि त्याने शेकावयाचे. तेवढ्याने भागले नाही तर बिब्बा घालावयाचा, ज्याचे काळे डाग तिच्या कमरेवर अखेरपर्यंत होते. आणि तेही निष्फळ ठरले तर वाडीतल्या पायाळू गृहस्थांना बोलावणे जाई. उपजताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पालथ्या निजलेल्या रोग्याच्या कमरेला त्याने हलकेच पाय लावला की उसण उतरते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. आजी त्यानंतर उठे ती खरोखरच दोन दिवस सरळ चाले. पुढे आईची कंबर धरली तोवर काळ बदलला होता. तिने एका प्रदर्शनातून चुंबकाच्या वाटोळ्या चकत्या शिवलेला पट्टा आणला, आणि रोज सकाळी स्नानानंतर तो लुगड्यावरून आवळून बांधण्याचा नेम तिने दोन वर्षे मोडला नाही. उपयोग होतो का, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘दुखायचं ते दुखतंच रे, पण बांधला की धीर येतो.’’

आईचा तो धीर खरा होता, आणि त्या चकत्या तिच्या कमरेतल्या मज्जातंतूंवर काहीही करीत नव्हत्या हेही खरे होते. या दोन सत्यांची एकमेकांत बसलेली गाठ सोडवावयास वैद्यकाला जो दीर्घकाळ खर्ची घालावा लागला, त्याचीच कैफियत मला येथे मांडावयाची आहे; कारण आज तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून कंबरदुखी शमविण्याचा जो उपचार रुग्णालयांत होऊ लागला आहे, त्याचे कुळ त्या पट्ट्याशी मिळते असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते कुळ निराळे आहे.

आपल्या प्राचीनांनी चुंबकाचा वैद्यकात उपयोग केला तो मोठ्या संयमाने केला. सुश्रुतसंहितेत देहात रुतलेले शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कांताची गणना आहे. परंतु तेथे आचार्यांनी जी मर्यादा घातली आहे ती पाहिली म्हणजे त्यांच्याविषयी आदर दुणावतो. शल्य लोहाचे असावे, ते सरळ दिशेने गेलेले असावे, आत अडकून बसलेले नसावे, त्याला काटेरी कान नसावेत आणि व्रणाचे मुख पुरेसे रुंद असावे, तरच अयस्कांत लावावा. चुंबक लोखंड ओढतो, म्हणून तो लोखंडच ओढील, एवढाच त्यामागील विचार. पुढील रसग्रंथांत कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत असे पाच भेद सांगितले आहेत, पण तेथे वैद्याचे लक्ष मुख्यतः भस्माकडे आहे, आकर्षणाकडे नाही.

युरोपात मात्र याच आकर्षणाने भल्याभल्यांची बुद्धी ओढली गेली. जो दगड लोखंड ओढतो तो रोगही का ओढणार नाही, असा तर्क सोळाव्या शतकात पॅरासेल्ससाने केला, आणि तो ऐकावयास इतका गोड होता की पुढची तीनशे वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळत राहिले. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध करून पृथ्वी हीच एक महाचुंबक आहे हे दाखविले, आणि लसूण चोळल्याने चुंबकाचे बळ नाहीसे होते यासारख्या समजुतींची प्रयोगाने वासलात लावली. तथापि दुखण्याने गांजलेला मनुष्य ग्रंथ वाचून धीर धरीत नाही. १७७४ साली व्हिएन्नात मॅक्सिमिलियन हेल या जेझुइट ज्योतिर्विदाने पुरविलेले पोलादी चुंबक फ्रान्झ अँटन मेस्मर नावाच्या वैद्याने एका तरुण रुग्णेच्या अंगाला लावले, तिला आराम पडला, आणि त्या आरामाचे श्रेय कोणाचे यावरून दोघांचे बिनसले. मेस्मरने मग असा सिद्धांत काढला की लोखंडी चुंबक निमित्तमात्र असून खरी शक्ती प्राण्यांच्या देहातच वाहते. १७७८ साली तो पॅरिसला आला तेव्हा त्याच्याकडे रोग्यांची रीघ लागली. पाणी, लोहकीस आणि काचेची पूड भरलेल्या एका मोठ्या झाकणबंद लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, पिंपातून बाहेर आलेल्या वाकड्या लोखंडी गजाचे टोक जो तो आपापल्या दुखऱ्या भागाला लावी, आणि थोड्याच वेळात कोणाला हुंदके, कोणाला आचके, कोणाला मूर्च्छा येऊ लागे.

अखेर १७८४ साली सोळाव्या लुईने या प्रकरणाच्या तहकिकातीसाठी एक मंडळ मुक्रर केले. रसायनशास्त्री लाव्हाझिये, ज्योतिर्विद बायी, वैद्य गियोतँ अशी त्यातील नावे. आणि सर्वांत वडीलधारे होते बेंजामिन फ्रँकलिन, त्या वेळी अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्सच्या दरबारी असलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, संधिवात आणि मूतखडा यांनी स्वतःच बेजार झालेले. प्रवास त्यांना सोसत नसे, म्हणून मंडळच त्यांच्या पासी येथील घरी जमे. मेस्मर स्वतः रुजू झाला नाही. त्याचा शिष्य डेस्लाँ याने प्रयोग करून दाखविण्याचे मान्य केले. फ्रँकलिनच्या बागेतील एका जर्दाळूच्या झाडात त्याने आपली शक्ती भरली, आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणण्यात आले. मुलाला एकामागून एक चार झाडांपाशी नेले. पहिल्या झाडाशी त्याला घाम फुटला, पुढे डोके जड झाले, भोवळ येऊ लागली, आणि चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित होऊन पडला. भारलेले झाड तेथून चोवीस फुटांवर उभे होते, आणि त्याच्याजवळ तो अजून गेलाच नव्हता.

मला हा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत थोर प्रसंगांपैकी एक वाटतो. मुलाची मूर्च्छा ढोंग होती असे मंडळाने म्हटले नाही. मूर्च्छा खरी, तिचे कारण मात्र चुंबकत्व नव्हे, कल्पना, असा निर्वाळा दिला. उपचाराची शक्ती आणि उपचारावरील श्रद्धेची शक्ती या दोहोंना निरनिराळे मोजता येते, आणि त्यासाठी साधन लागते ते केवळ डोळ्यांवर बांधावयाच्या पट्टीचे, हे त्या बागेत ठरले. त्याच मार्गाने १७९९ साली बाथ येथे जॉन हेगार्थ या वैद्याने एक पाऊल पुढे टाकले. एलिशा पर्किन्स या अमेरिकन वैद्याने पेटंट घेतलेल्या, अंगावरून ओढल्या असता वेदना खेचून घेणाऱ्या म्हणून खपणाऱ्या धातूच्या दोन टोकदार कांड्या तेव्हा इंग्लंडात पाच गिनींना विकत. हेगार्थने तशाच रंगविलेल्या लाकडी कांड्या करून सांधेदुखीच्या पाच जुन्या रोग्यांवर ओढल्या, आणि पाचांपैकी चौघांना उतार पडला.

येथे हा इतिहास संपावयाचा, पण २९ ऑगस्ट १८३१ या दिवशी लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने तो दुसऱ्याच वाटेला लावला. सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना त्याने तारेची दोन निरनिराळी वेटोळी गुंडाळली होती. एकाला विद्युत्घट जोडताच दुसऱ्यापाशी ठेवलेली सुई थरथरली आणि पुन्हा मूळ जागी स्थिरावली. घट जोडलेला असेपर्यंत ती निश्चल राहिली, आणि घट तोडताच पुन्हा थरथरली. चुंबकत्व नुसते असून विद्युत् उपजत नाही. ते वाढताना किंवा ओसरताना मात्र उपजते. आईच्या पट्ट्याचा सारा निकाल त्या सुईच्या निश्चलतेत आहे. मज्जातंतूला जाग येते ती विद्युत्प्रवाहाने, आणि कमरेवर दिवसभर स्वस्थ बसलेला चुंबक, तो कितीही बलवान असो, असा प्रवाह निर्माण करू शकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भेदाचा प्रत्यक्ष देहावर दाखला मिळाला. १८९२ साली एडिसनच्या प्रयोगशाळेत पीटरसन आणि केनेली यांनी प्रबळ पण स्थिर चुंबकीय क्षेत्रात प्रथम एका कुत्र्याला आणि मग एका मुलाला ठेवून पाहिले; कोणालाही काही जाणवले नाही. चारच वर्षांनी पॅरिसमध्ये दार्सोन्व्हालने मोठ्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला आणि माणसाचे डोके त्यात घातले, तेव्हा त्याला डोळ्यांपुढे प्रकाशाची लुकलुक दिसली आणि घेरी आली. तेथून पुढची प्रगती संथ झाली, कारण एका निमिषाच्याही अल्पांशात हजारो अँपियरचा प्रवाह सोडू शकणारी धारित्रे आणि कळा तेव्हा नव्हत्या. १९६५ च्या सुमारास बिकफर्ड आणि फ्रेमिंग यांनी माणसाच्या हातापायांतील मज्जातंतू अशा रीतीने जागविले. १९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट विजेचा धक्का देऊन हात हलविला, पण तो धक्का वेदनादायक होता. आणि १९८५ साली शेफील्ड येथील अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर वेटोळे धरून, कातडीला चटका न बसता, समोरच्या माणसाचा हात हलवून दाखविला.

या यंत्राचे बळ ध्यानात यावे म्हणून एक तुलना करतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, जिचा कारभार काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडे होता, १८४१ पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या; पुढे शहरात विजेच्या ट्रॅम येणार म्हणून १९०४ साली ही वेधशाळा अलिबागला नेली आणि तेथील इमारतीत लोखंडाचा खिळाही येणार नाही अशी दक्षता घेतली गेली. तेथे मोजले जाणारे पृथ्वीचे चुंबकत्व अर्ध्या गॉसहून कमी आहे. उपचाराच्या वेटोळ्याजवळ ते क्षणभर वीस हजार गॉसच्या घरात जाते आणि लगेच ओसरते; पण त्याचा प्रभाव काही सेंटिमीटर खोलीपलीकडे राहत नाही.

कंबरदुखीसाठी हे वेटोळे दोन जागी धरतात: एक डोक्यावर, मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हालचालीची आज्ञा जाते तेथे, कारण त्या भागाला चेतविल्याने जुनाट वेदनेची जाणीव मंदावते असे दिसून आले आहे, आणि दुसरे खुद्द कमरेवर, तेथील मज्जातंतू व मणक्यालगतचे खोल स्नायू जागे करण्यासाठी. छातीत पेसमेकर किंवा स्पंदांच्या टप्प्यात धातूचा तुकडा असलेल्यांना हा उपचार वर्ज्य. एवढे झाल्यावर प्रश्न उरतो तो पासीच्या बागेतलाच. कमरेला बांधावयाच्या स्थिर चुंबकांची परीक्षा सोपी होती: २००० साली अमेरिकेत वीस रोग्यांना कधी तीनशे गॉसचे चुंबक, कधी तसेच दिसणारे निर्जीव तुकडे बांधून पाहिले आणि वेदनेत काही अंतर आढळले नाही. वेटोळ्याची परीक्षा कठीण आहे. खोटे वेटोळे तसाच टकटक आवाज करू शकते, पण कमरेचा स्नायू खरोखर उडतो तो खऱ्यानेच, आणि रोग्याला ते कळते. डोळ्यांवर पट्टी बांधता येते, स्नायूंवर कशी बांधावयाची? म्हणूनच आजवरच्या परीक्षांवरून डोक्यावरील उपचाराने जुनाट वेदनेत थोडा आणि थोड्या काळापुरता उतार पडतो, कमरेवरील उपचाराच्या परीक्षा लहान आहेत आणि व्यायामाची जागा दोहोंपैकी कोणीही घेत नाही, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते. ते न सांगता जो या यंत्राची जाहिरात करतो तो पर्किन्सच्या वाटेने चालला आहे, मग यंत्र कितीही अस्सल असो.

गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात मी हा उपचार जवळून पाहिला. साठीतल्या एक बाई, हाताला लावणीच्या चिखलाने पडलेल्या भेगा, पालथ्या निजल्या होत्या. उपचार करणाऱ्या मुलीने लुगड्यावरूनच आठाच्या आकड्यासारखे ते जड वेटोळे कमरेवर टेकविले. टक्, टक्, टक् असा कोरडा आवाज सुरू झाला आणि दर टकटकीसरशी कमरेचा स्नायू कापडाखालून उडताना दिसू लागला. बाई आधी दचकल्या, मग हळूहळू सैल झाल्या. वीस मिनिटांनी मुलीने त्यांना उठून बसविले आणि म्हणाली, ‘‘मावशी, दुखणं दहापैकी किती? मला बरं वाटावं म्हणून कमी सांगू नका हं.’’ बाईंनी कमरेवर हात फिरवून बराच वेळ विचार केला. मुलीने त्यांची जबानी वहीत उतरविली: आधी सात, नंतर पाच. मग घरी करावयाचा व्यायाम दोनदा करून दाखविला, तो त्यांच्याकडून करवून घेतला, आणि पुढच्या गुरुवारचा रकाना आखून कोरा ठेवला.