दाबोळीची धावपट्टी

गोव्याबाहेरच्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली की त्यांना आधी थट्टा वाटते. विमानतळावर हातात बोर्डिंग पास, पायाशी काजूची पिशवी, शेजारी लग्नाहून परतणारे कुटुंब, आणि काचेपलीकडे त्याच धावपट्टीवर नौदलाची लढाऊ विमाने उडताहेत! आपल्या गोंयकारांना मात्र त्याचे काही वाटत नाही. वास्को, चिखली, बोगमाळो भागातल्या माणसाला तर तो आवाज मिलच्या भोंग्यासारखा झाला आहे. आकाश गडगडले की मास्तर खडू हातात धरून थांबणार, आणि आवाज गेला की पुढचे वाक्य सुरू करणार. मीही अशाच एका शाळेत शिकलो.

आमच्यासारख्या कारकुनाला विमानप्रवास वर्षा-दोन वर्षांतून एखादा. त्यामुळे मी वेळेआधी पोचतो आणि खिडकीजवळची खुर्ची धरतो. कित्येक वर्षे दाबोळीचा नियम असा होता की सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंत धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव. म्हणजे दुपारच्या पहिल्या विमानाने जाणाऱ्याला हा खेळ फुकटात बघायला मिळे. अर्थात डोळ्यांनीच. हा संरक्षण खात्याचा तळ असल्याने फोटो काढण्यास मनाई आहे, ही सूचना विमान उतरताना आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

मिग-२९के धावपट्टीच्या टोकाला येते तेव्हा फार मोठे वाटत नाही. शेजारच्या प्रवासी विमानापुढे ते भारद्वाजापुढच्या चिमणीएवढे. पण त्याच्या दोन इंजिनांचा प्रत्येकी रेटा सुमारे नऊ टनांचा. वैमानिक आफ्टरबर्नर पेटवतो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूतच आणखी इंधन फवारून ते जाळतो. मागे नारिंगी ज्वाळा दिसते, आणि मग आवाज येतो. तो आधी छातीला जाणवतो, कानाला नंतर. टर्मिनलच्या काचा थरथरतात, लहान मुले आईला बिलगतात. बघता बघता विमान पश्चिमेकडे, समुद्रावर. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवतात आणि दिवसा आपल्याकडे वारा समुद्रावरून येतो, म्हणून बहुतेक वेळा तीच दिशा.

हे सगळे इथे, प्रवासी विमानतळावर कसे? प्रश्न खरे तर उलटा विचारायला हवा. पण त्यासाठी पाखल्यांच्या अमदानीत जावे लागेल.

1955 साल. 15 ऑगस्टच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, भारताने सीमा बंद केल्या, आर्थिक नाकेबंदी आवळली. आमच्या घरातली वडीलधारी माणसे त्या काळाचे वर्णन करताना हॉलंडच्या बटाट्यांवर हमखास येत. बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, आणि बेळगावची भाजी मात्र नाही! जमिनीवरून वाट बंद झाल्यावर सालाझारच्या राजवटीला आकाशाची वाट हवीच होती. दाबोळीच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला तो याच वर्षी. त्याला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव दिले गेले. ‘त्रांस्पोर्तिश आएरिओश दा इंदिया पोर्तुगेझा’ ही इथली स्वतःची विमान कंपनी त्याच साली निघाली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात, पुढे थेट लिस्बनपर्यंत. थोडक्यात, गोवा भारतापासून तोडून ठेवता यावा म्हणून जी साधने उभी केली गेली, त्यात ही धावपट्टी महत्त्वाची होती.

18 डिसेंबर 1961 च्या सकाळी तिचा हिशेब झाला. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून 12 कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने आली आणि त्यांनी काही मिनिटांत 63,000 पौंडांचे बॉम्ब धावपट्टीवर टाकले. नंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी 8 कॅनबेरा आली. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या 6 हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. या साऱ्या हवाई मोहिमेचे प्रमुख होते एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो. यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे वैमानिकांना हुकूम होता तो फक्त धावपट्टी उखडण्याचा. टर्मिनलला आणि इतर इमारतींना धक्का लावायचा नव्हता, आणि तो लागलाही नाही. उद्या हे आपलेच होणार आहे, आपल्यालाच वापरायचे आहे, हा विचार बॉम्ब टाकतानाही केलेला दिसतो.

त्या दिवशी दाबोळीवर दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती. त्यांतले एक लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. रात्रीच्या अंधारात खड्डे जमेल तसे बुजवून, उरलेल्या तुकड्यावरून दोन्ही विमाने काही पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन उडाली आणि समुद्राला लागून खालून उडत कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला, गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. योगायोग बघा, बोगमाळोच्या वाटेवर 1998 साली सुरू झालेल्या नौदल हवाई संग्रहालयात आज अगदी त्याच जातीचे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. हे वेगळे, आपल्या नौदलाने वापरलेले. पण दुमडलेल्या छत्रीच्या तीन पात्यांसारखे त्याचे शेपूट बघताना मला दर वेळी ती पळून गेलेली रात्र आठवते. शाळेच्या सहलींना तिथे फक्त ‘जुने विमान’ एवढेच सांगितले जाते, हे पाहून वाईट वाटते.

एप्रिल 1962 मध्ये दाबोळी नौदलाकडे आली. आय.एन.एस. हंसा हा नौदलाचा हवाई तळ 5 सप्टेंबर 1961 रोजी कोइमतूरजवळ सुलूर इथे सुरू झाला होता. जून 1964 मध्ये तो दाबोळीला हलला. म्हणजे हंसा हे काही गोव्याचे मूळ अपत्य नव्हे, सासरी आलेली सून म्हणा. पण ती इतकी रुळली की आता माहेर कुणाला आठवत नाही. विक्रांत ही विमानवाहू नौका मार्च 1961 मध्ये नौदलात आली होती आणि तिच्यावरच्या सी हॉक लढाऊ विमानांना व पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या आलिझे विमानांना जमिनीवर एक घर हवे होते. ते घर दाबोळी झाले. 4 डिसेंबर 1971 रोजी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. बांगलादेशाच्या जन्माच्या कथेत आपल्या सड्याचा हा एवढा वाटा आहे, तो आपण कधी सांगत नाही.

माझ्या पिढीचे विमान मात्र सी हॅरियर. त्यांची पहिली तीन विमाने 16 डिसेंबर 1983 रोजी इंग्लंडहून मजल दरमजल करत दाबोळीला उतरली. एकच इंजिन, पण त्याची चार तोंडे फिरवता येणारी. ती खाली वळवली की विमान हवेत जागच्या जागी थांबे आणि लिफ्टसारखे सरळ खाली उतरे. शाळकरी पोरांच्या वादात ‘थांबणारे विमान’ हा आमचा हुकमाचा पत्ता होता. मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्या मावसभावांकडे लोकल होती, डबलडेकर होती, पण थांबणारे विमान नव्हते! तेहतीस वर्षांच्या चाकरीनंतर 11 मे 2016 रोजी हंसावरच सी हॅरियरला निरोप देण्यात आला. त्याच्या पथकाचे नाव आणि क्रमांक मिग-२९के विमानांकडे गेला. ही मिग विमाने फेब्रुवारी 2010 मध्येच दाबोळीला दाखल झाली होती.

काचेतून न दिसणारी एक गोष्ट याच तळावर आहे. विमानवाहू नौकेच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती. तिच्या पुढच्या टोकाला 14 अंशांचा चढ आहे, घसरगुंडी उलटी ठेवावी तसा. नौकेवर धावायला जेमतेम दोनशे मीटर मिळतात. तेवढ्यात पुरेसा वेग येत नाही, म्हणून हा चढ विमानाला वर फेकतो आणि पुढचा वेग त्याने हवेत मिळवायचा असतो. उतरताना शेपटाखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकवून थांबायचे. समुद्रावर जीव पणाला लावण्याआधी हा अभ्यास इथे, जमिनीवर करता येतो. 20 डिसेंबर 2014 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी स्वदेशी तेजसचे नौदल रूप याच चढावरून उडवले. 13 सप्टेंबर 2019 रोजी ते तारेला अडकवून इथेच उतरवले गेले, आणि 11 जानेवारी 2020 रोजी विक्रमादित्य नौकेवर. जगात मोजक्याच देशांना साधलेली ही गोष्ट, आणि तिचा गृहपाठ दाबोळीत झालेला आहे.

पण नुसत्या टाळ्या वाजवून थांबणे बरे नव्हे. 1 ऑक्टोबर 2002 रोजी, पथकाच्या रौप्यमहोत्सवाच्याच दिवशी, दोन आय.एल.-३८ विमाने दाबोळीच्या आकाशात एकमेकांना धडकली आणि त्यांतले 12 नौसैनिक गेले. वास्कोतल्या लोकांना तो दिवस अजून विसरता येत नाही. 3 जानेवारी 2018 ला एक मिग धावपट्टीबाहेर जाऊन पेटले, वैमानिक वाचला. 8 जून 2019 ला उड्डाण करणाऱ्या मिगची इंधनाची टाकी धावपट्टीवर पडून आग लागली आणि विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेर्ण्याजवळ एक मिग कोसळले. 26 नोव्हेंबर 2020 ला समुद्रात पडलेल्या मिगचे वैमानिक कमांडर निशांत सिंग यांचा मृतदेह अकरा दिवसांनी सापडला. काचेपलीकडे आपण बघतो ती कवायत नसते. तो धोक्याचा धंदा असतो आणि तो वस्तीच्या अगदी शेजारी चालतो.

मग वाद होणारच. सकाळचे साडेचार तास नागरी विमाने नाहीत म्हणजे पर्यटनाचे नुकसान, असे हॉटेलवाले म्हणत. नौदलाने कारवारच्या सीबर्ड तळावर जावे आणि दाबोळी पूर्ण नागरी करावी, अशी मागणी कितीतरी वर्षे झाली. दुसरीकडे पेडण्यात मोपा विमानतळाची चर्चा. ती तर जवळजवळ एका पिढीएवढी लांबली. शेवटी 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाचे उद्घाटन झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथून विमाने सुटू लागली. दाबोळी बंद होणार नाही, असे सरकार वारंवार सांगते. तरी काही कंपन्यांनी आपली उड्डाणे मोपाला नेली, आणि सासष्टी-मुरगावातल्या टॅक्सीवाल्यांच्या, दुकानदारांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. त्यांना माझ्यासारखा माणूस मिगच्या गोष्टी सांगू लागला तर ते विचारतील, “बाबा रे, त्या आवाजाने चूल पेटते का?” प्रश्न रास्त आहे.

मला स्वतःला वाटते ते असे. नौदल की नागरी, हा वाद आपण कायम जमीन आणि वेळेच्या भाषेत घातला. कुणाला किती हेक्टर, कुणाला किती तास. ते हवेच, कारण लोकांचे पोट त्यावर आहे. पण या धावपट्टीला एक इतिहासही आहे आणि त्याचा दावेदार कुणीच नाही. जी गोव्याला भारतापासून दूर ठेवण्यासाठी बांधली, जी गोवा मुक्त करताना उखडली, ती दुरुस्त होऊन भारताच्या नौदलाची पाठशाळा झाली. एवढा उलटफेर पाहिलेली दुसरी जागा आपल्या राज्यात मला तरी माहीत नाही. दाबोळीच्या टर्मिनलमध्ये अत्तराच्या आणि चॉकलेटच्या दुकानांना जागा आहे. तिथे एका भिंतीवर 1955, 1961, 1964 आणि 1983 या चार सालांची गोष्ट मराठी-कोंकणीत लिहिली तर कुणाचे काय जाईल?

उद्या रफाल येतील. 26 नौदल रफाल विमानांचा करार एप्रिल 2025 मध्ये झाला आहे, आणि त्यांची चाचणी 2022 सालीच इथल्या चढावर होऊन गेली. प्रवासी मोपाला वळले तर ती बघायला काचेमागे माणसे कमी असतील. म्हणून वाचकहो, अजून दाबोळीहून जाण्याचा योग येतो आहे तोवर जरा लवकर निघा. मोबाईल खिशात राहू द्या, खिडकीजवळची खुर्ची धरा, आणि सोबत मूल असेल तर विमानाच्या वेगाआधी त्याला धावपट्टीची गोष्ट सांगा.