गोचिडताप : एका विसरलेल्या रोगकुलाचा इतिहास



पटकी, देवी आणि प्लेग या रोगांचा इतिहास आपणांस बराचसा ठाऊक असतो. त्यांनीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं, सरकारास कायदे करावयास लावले, आणि त्यामुळें त्यांच्या नोंदी राहिल्या. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, ते एका वेळीं एका घरांतील एकच मूल किंवा एका गोठ्यांतील एकच गाय उचलतात. असा मृत्यु झाला म्हणजे पूर्वीं दप्तरांत ‘ताप’ एवढाच शब्द पडे. ब्रिटिश अमदानींतील मृत्यूंच्या नोंदींत या एका सदराखालीं किती निरनिराळे रोग दडले असतील, याची गणती आतां कोणास करतां येणार नाहीं. गोचिडांपासून माणसांस व जनावरांस होणारे जंतुजन्य ताप हें त्या दडलेल्यांपैकींच एक कुल होय. त्याच्या शोधाचा, विस्मृतीचा आणि पुनः पटलेल्या ओळखीचा इतिहास आज सांगावयाचा आहे, आणि तो यवतमाळ जिल्ह्याकडे दृष्टि ठेवून सांगावयाचा आहे.

गोचीड मराठी माणसास नवा नाहीं. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींतहि तो आहे. दूध जवळ असतां तें सोडून रक्तच पिणारा, असा त्याचा दाखला नवव्या अध्यायांत येतो. पिच्छा न सोडणारा माणूस गोचिडासारखा चिकटला, असें आपण आजहि म्हणतों. तो रक्त पितो आणि सुटतां सुटत नाहीं, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनीं नीट पाहिल्या होत्या. रक्त घेतां घेतां तो कांहीं देतोहि, ही तिसरी गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रालाहि माहीत नव्हती.

या प्राण्यास मानवावी अशीच यवतमाळ जिल्ह्याची रचना आहे. एका अंगास वर्धा, दुसऱ्या अंगास पैनगंगा. मध्यें सागाचीं जंगलें, गवताळ माळ, आणि काळ्या जमिनींत कापूस. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणी या नांवानें ओळखला जाई. कोलाम, गोंड, आंध, बंजारा आणि कुणबी अशी येथील वस्ती. शेतीस बैल पाहिजेत, म्हणून घरोघर ढोरें. ढोरांस चारा पाहिजे, म्हणून रोजचें जाणें जंगलाच्या कडेस. गोचीड स्वतःच्या पायांनीं फार दूर जात नाहीं. जनावराच्या अंगावर बसूनच तो मुलूख ओलांडतो. रेल्वे येण्यापूर्वीं मीठ व धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे बैलांसह या वाटांनीं फिरत, तेव्हां त्यांच्याबरोबर गोचिडानेंहि पुष्कळ प्रवास केला असला पाहिजे.

या रोगांचा पहिला धागा अमेरिकेंत सांपडला, आणि तो गुराख्यांमुळें सांपडला. टेक्सासकडील गुरें उत्तरेकडे हांकलीं कीं, तीं स्वतः धडधाकट राहत. पण त्यांच्या वाटेवर मागाहून चरलेलीं उत्तरेकडील गुरें तापानें फणफणत, तांबडी लघवी करीत आणि मरत. गुराखी म्हणत, दोष गोचिडाचा. विद्वानांस तें हास्यास्पद वाटे. शेवटीं थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न या दोघांनीं गुरें निरनिराळ्या कुंपणांत ठेवून, कांहींच्या अंगावरील गोचीड हातानें वेंचून काढून प्रयोग केले, आणि १८९३ मध्यें गुराख्यांचें म्हणणें खरें ठरविलें. मलेरियाचा डांसाशीं असलेला संबंध रोनाल्ड रॉसनें सिकंदराबादेस दाखविला तो यानंतर चार वर्षांनीं, १८९७ मध्यें. टेक्सास तापाचें कारण जंतु नसून रक्तपेशींत राहणारा एक सूक्ष्म आदिजीव आहे, हें खरें. पण गोचीड हा रोगाचा वाहक होऊं शकतो, हा सिद्धांत येथें पक्का झाला.

माणसाची पाळी त्यानंतर आली. अमेरिकेच्या माँटाना प्रांतांत बिटररूट नांवाच्या खोऱ्यांत वसंत ऋतूंत एक भयंकर ताप येई. अंगावर, तळहातांवर व तळपायांवरहि लाल-काळे ठिपके उठत, आणि खोऱ्याच्या पश्चिम बाजूस तर बहुतेक रोगी दगावत. हॉवर्ड टेलर रिकेट्स या तरुण डॉक्टरानें १९०६ मध्यें गिनीपिगांवर प्रयोग करून हा ताप गोचिडामुळें येतो असें सिद्ध केलें. पुढें त्यास असेंहि आढळलें कीं, रोगट मादी गोचिडाच्या अंड्यांतूनहि रोग पुढच्या पिढीस जातो. या शोधाचें मर्म ध्यानांत घ्यावें. डांसास मलेरिया आजाऱ्याच्या रक्तांतून घ्यावा लागतो. येथें गोचीड हाच रोगाचें घर आहे. माणसांतील सारे रोगी बरे झाले तरी रोग गवतांत जिवंत राहतो. १९१० सालीं टायफस तापाचा अभ्यास करीत असतां रिकेट्स मेक्सिको शहरीं त्याच रोगानें मरण पावला. या कुलांतील जंतूंना आज रिकेट्सिया म्हणतात तें त्याच्या स्मरणार्थ.

१९१० हें वर्ष या इतिहासांत आणखी दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. कोनोर व ब्रुश यांनीं ट्यूनिस येथें ठिपक्यांच्या तापाचा दुसरा प्रकार वर्णिला. हिंदुस्थानांतील गोचिडताप त्याचाच सख्खा भाऊ निघाला. आणि दक्षिण आफ्रिकेंत आर्नोल्ड थायलर यानें गुरांच्या तांबड्या रक्तपेशींच्या कडेस बसणारे बारीक ठिपके ओळखून त्यांस ॲनाप्लास्मा हें नांव दिलें. बरींच वर्षें त्यांस आदिजीव समजत. पुढें ते रिकेट्सियाच्या गोतांतील जंतु ठरले. या रोगांत गाईस ताप येतो, रक्त आटतें, डोळे पांढरे किंवा पिवळे पडतात. परंतु लघवी तांबडी होत नाहीं. मराठी शेतकरी या सर्वांना सरसकट ‘गोचिडताप’ म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण त्याच्या पोटांत तीन-चार रोग आहेत, आणि प्रत्येकाचें औषध निराळें आहे.

आपल्या देशांत जनावरांच्या रोगसंशोधनाचा पाया महाराष्ट्रांतच घातला गेला. १८८९ मध्यें पुण्यास शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. आल्फ्रेड लिंगार्ड हा तिचा प्रमुख होता. १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविली. योगायोग असा कीं, हिंदुस्थानांतील माणसांच्या गोचिडतापाची पहिली हकीकतहि त्याच कुमाऊंची आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉन मेगॉ या डॉक्टरानें १९१७ मध्यें, तेथें गोचीड चावल्यानंतर आलेल्या एका तापाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९२१ मध्यें असा टायफससारखा ताप या देशांत गोचिडामुळें येत असावा, असें मत मांडलें. १९३६ मध्यें कॉव्हेल यानें सिमल्याच्या डोंगरांतील टायफसचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु हीं सारीं संशोधनें बहुधा छावण्यांच्या आणि थंड हवेच्या ठिकाणांच्या आसपास झालीं. साहेब जेथें उन्हाळ्यास जाई तेथें रोग सांपडला. वऱ्हाडांतील कोलामपोडावर कोणी सूक्ष्मदर्शक घेऊन गेलें नाहीं, म्हणून तेथें रोग नव्हता असें मात्र म्हणतां येत नाहीं.

निदानाचें एक साधन १९१६ मध्येंच हातीं आलें होतें. वाइल व फेलिक्स यांना असें दिसलें कीं, टायफसच्या रोग्याचें रक्तजल प्रोटियस नांवाच्या अगदीं परक्या जंतूंचे पुंजके करतें. ही परीक्षा स्वस्त व सोपी. पण ती दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उमटते, आणि पुष्कळदां उमटतच नाहीं. औषध मात्र फार उशिरां आलें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गोचिडाच्याच जातभाईपासून, म्हणजे डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या चिगर किड्यापासून होणाऱ्या स्क्रब टायफसनें सैनिक हैराण झाले. १९४८ मध्यें क्वालालंपूर येथें क्लोरॅम्फेनिकॉलनें त्या रोगाचे रोगी बरे झाले. त्याच वर्षीं ऑरिओमायसिन प्रसिद्धीस आलें. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेंत तें निघालें तिच्या संशोधनाचे प्रमुख आंध्रांतील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच घराण्यांतील डॉक्सिसायक्लिन १९६७ पासून वापरांत आलें, आणि माणसांतील या तापांवर तेंच मुख्य औषध आहे. गाईच्या ॲनाप्लास्मावर चालणारें ऑक्सिटेट्रासायक्लिनहि याच घराण्यांतील. गाय आणि गुराखी यांचा शत्रु एका गोतांतील, तसें त्यांचें औषधहि एका गोतांतील आहे.

येथें कथा सुखान्त व्हावयास हवी होती. पण औषध सांपडल्यावर रोगच विसरला गेला. नवीं औषधें कोणत्याहि तापावर सर्रास दिलीं जाऊं लागलीं, त्यांत कांहीं रोगी निदानावांचूनच बरे झाले, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस हा रोग दूरच्या देशांतला वाटूं लागला. पुढें तापावर जीं औषधें देण्याचा प्रघात पडला, तीं विषमज्वरास उपयोगी, पण रिकेट्सियास बहुतेक निरुपयोगी. रोग जागच्या जागीं राहिला. त्याचें नांव तेवढें गेलें. १९८४ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंतील पद्बिद्री व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांत गोचिडजन्य रिकेट्सिया असल्याचें प्रसिद्ध केलें, तरी जाग आली नाहीं.

विदर्भापुरती ती जाग अकोला जिल्ह्यांत आली. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ताप व अंगावर पुरळ घेऊन येणाऱ्या मुलांचा बारकाईनें अभ्यास केला. २०१० मध्यें त्यांनीं या रोगांचा भारतीय आढावा लिहिला, आणि २०११ मध्यें ठिपक्यांचा ताप लवकर ओळखण्यासाठीं लक्षणांना गुण देण्याची एक पद्धति सुचविली. खर्चिक यंत्र नसलेल्या दवाखान्यांतहि डॉक्टराला रोग्याच्या खाटेजवळ उभें राहून ती वापरतां यावी, हें तिचें वैशिष्ट्य. तळहात व तळपाय यांवरील ठिपक्यांस तींत मोठें महत्त्व आहे. शंभर वर्षांपूर्वीं बिटररूटमध्यें जें दिसलें तेंच वऱ्हाडांतील मुलांच्या हातांवर दिसत होतें. २०१५ मध्यें भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. शंका सबळ असेल तर तपासणीच्या निकालासाठीं न थांबतां उपचार सुरू करावा, असा त्याचा आशय आहे. त्याची निकड २०१८ च्या पावसाळ्यांत कळून आली. नागपूर व आसपासच्या भागांत स्क्रब टायफसची सांथ आली, तेव्हां पुष्कळ घरांनीं हें नांव प्रथमच ऐकलें.

आतां गोठ्याकडे वळूं. आपल्या देशी गुरांच्या कातडीस गोचिडाशीं झगडण्याची पिढीजात ताकद असते. संकरित गाईंत ती कमी पडते. २००६ मध्यें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं जी शेतकरी-साहाय्य योजना निघाली तींत यवतमाळ होतें, आणि दुभतीं जनावरें देणें हा तिचा एक भाग होता. अशी गाय घेतलेल्या कुटुंबास तिचा चारा आणि तिचा ताप हे दोन्ही खर्च नवे असतात. गोचीड मारावयास विष फवारावें, तर गोचीडहि हळूहळू त्या विषास सरावतो. मग प्रमाण वाढवावें लागतें. २०१७ मध्यें याच जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना शेतमजूर विषबाधेनें दगावले, तें दुःख ताजें आहे. तेव्हां गोठ्यांतील फवारणीहि मोजून-मापून, पशुवैद्याच्या सल्ल्यानें आणि हातांत मोजे घालूनच व्हावयास पाहिजे. पोळ्याला बैल धुतांना त्यांच्या कानांतील व शेपटीखालचे गोचीड वेंचतात, ही रीत उत्तम. परंतु ते बोटांनीं चिरडण्याची संवय सोडली पाहिजे, कारण त्या रक्तांतून व चिंधडीतून जंतु हाताच्या चिरेंत शिरूं शकतात.

शहरांतील श्रोत्यांनीं हा खेड्यांतील लोकांचा प्रश्न समजूं नये. भारतीय गोचिडतापाचा एक प्रमुख वाहक कुत्र्यावरचा तांबूस गोचीड हा आहे, आणि तो भिंतींच्या फटींत, गालिच्याखालीं सुखानें नांदतो. याच गोचिडामुळें कुत्र्यांना होणारा एर्लिकिया हा जंतुरोग १९३५ मध्यें अल्जीरियांत ओळखला गेला. आज तो आपल्या शहरांतील पाळीव कुत्र्यांचा नित्याचा शत्रु आहे. अंगास गोचीड चिकटला तर रॉकेल ओतूं नये, चटका देऊं नये. बारीक चिमट्यानें त्यास कातडीच्या अगदीं लगत धरून सरळ, सावकाश ओढावा आणि जागा साबणानें धुवावी.

या साऱ्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार दिसते. टेक्सासमध्यें गुराख्याचें ऐकलें तेव्हां शोध लागला. अकोल्यास मुलाचा तळहात उलटून पाहिला तेव्हां रोग पुनः सांपडला. यवतमाळास १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. विद्येची वाण नाहीं. उणीव आहे ती एका प्रश्नाची. पावसाळ्यांत वा त्यानंतर ताप घेऊन आलेल्या प्रत्येक रोग्यास, तो कोठें राहतो, ढोरें चारतो काय, घरीं कुत्रा आहे काय, अंगास कांहीं चिकटलें होतें काय, हें विचारलें जावें. आणि डॉक्टरानें विचारलें नाहीं तर घरच्यांनीं आपण होऊन सांगावें. औषध थोडक्या पैशांत मिळतें. तें वैद्याच्या सल्ल्यानें पहिल्या कांहीं दिवसांत पोटांत गेलें तर माणूस सहसा वांचतो, आणि आठवडा उलटला तर पुष्कळदां वांचत नाहीं. त्या आठवड्याच्या आंत तो प्रश्न विचारला जावा, एवढ्याचसाठीं हा इतिहास आठवावयाचा.