तुंगारचें रान आणि एक हरवलेला पिंगळा

वसईचा इतिहास म्हटला कीं चिमाजीअप्पांचा इ. स. १७३९ चा वेढा, फिरंग्यांचीं देवळें आणि पडके तट हींच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच तटावरून पूर्वेस पाहिलें असतां जो तुंगारचा उंच डोंगर दिसतो, त्याच्या रानासही इतिहास आहे. तो फारसा कोणी सांगत नाहीं; कारण त्यांतील पराभूत पक्षास बखर लिहितां येत नव्हती.

इ. स. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत येथील श्वापदांमध्यें वाघाची गणना केलेली आहे. त्या काळीं वाघ मारणारास सरकारांतून बक्षीस मिळे. म्हणजे वाघ नाहींसा होणें हें केवळ सृष्टिक्रमानें घडलें नाहीं. त्यास बंदूक, कुऱ्हाड आणि सरकारी तिजोरी हीं तिन्ही लागलीं. आज तुंगारेश्वरच्या अभयारण्यांत बिबळ्या आहे, वाघ नाहीं. वारली लोकांच्या वाघोबाचे शेंदूर माखलेले दगड व कोरीव खांब मात्र ह्या जिल्ह्यांत अद्याप उभे आहेत व त्यांची पूजाही होते. देव राहिला, आणि ज्याच्या भयानें तो देव झाला तो गेला.

नष्ट होऊं घातलेल्या पशुपक्ष्यांस मनुष्यानें वांचवावें काय, हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत आतां वारंवार निघतो. जगांत आजवर अनेक जाती आल्या आणि गेल्या, त्यांचें सुतक आम्हीं कां धरावें, असा एक आक्षेप असतो. त्याचें उत्तर वाघाच्या वरील हकीकतींतच आलें आहे, म्हणून त्यावर अधिक शाई खर्चीत नाहीं. दुसरा आक्षेप आम्हांस खरोखर जड वाटतो. ज्याची शेळी बिबळ्या नेतो तो पाड्यावरचा वारली. आणि ज्यास बिबळ्याचें कौतुक वाटतें तो दिवाणखान्यांत बसलेला आमच्यासारखा मनुष्य. खर्च एकाचा आणि पुण्य दुसऱ्याचें, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. शेळीची भरपाई सरकार देतें खरें. पण सांजावल्यावर मूल अंगणांत असतां आईस जी धास्ती वाटते तिची भरपाई कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं. ह्या आक्षेपाचें पुरतें समाधान आमच्यापाशीं नाहीं, हें आधींच कबूल करतों. तथापि रक्षण करावयाचें म्हणजे नेमकें कशाचें, ह्याचा उलगडा होण्यास एक जुनी गोष्ट उपयोगी पडेल.

इ. स. १८८३ सालीं मुंबईस आठ गृहस्थांनीं मिळून नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत एतद्देशीय दोघेच होते: डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन. पैकीं आत्माराम पांडुरंग हे प्रार्थनासमाजाचे संस्थापक व व्याकरणकार दादोबांचे बंधु. त्यांच्या घराण्याचें तर्खडकर हें आडनांव वसईच्या तर्खड गांवावरून पडलेलें आहे, तेव्हां ह्या प्रकरणांत वसईचाही थोडा वांटा आहे म्हणावयाचा. त्या काळचा प्राणिशास्त्रज्ञ पक्षी ओळखी तो बहुधा मारूनच. त्याच सुमारास जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी खानदेशांत शहाद्याकडे रानपिंगळे टिपून त्यांचे नमुने जमवीत होते. ह्या पक्ष्याचें वर्णन ह्यूमसाहेबांनीं इ. स. १८७३ सालीं प्रसिद्ध केलें होतें. इ. स. १८८४ नंतर तो कोणास दिसेना.

पुढें कर्नल मायनर्ट्‌झहागन ह्यांनीं एक नमुना पुढें केला व तो आपण इ. स. १९१४ सालीं गुजराथेंत मांडवी येथें मिळविला, असें सांगितलें. झालें, शोध करणारे तिकडे धांवले आणि कित्येक वर्षें रिकाम्या हातांनीं परतले. वस्तुतः तो नमुना डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश म्यूझियमांतून चोरून, नवा पेंढा भरून त्यास खोटी चिठ्ठी लावलेली होती. पामेला रासमुसेन ह्या विदुषींनीं ही लबाडी ओळखली, खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला, आणि इ. स. १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ त्यांस व त्यांच्या सोबत्यांस तो पक्षी भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षें ज्यास मृत समजत होते तो जिवंत निघाला! बनावट दस्तऐवजानें वारसाहक्क बुडाल्याचीं उदाहरणें आम्हीं पुष्कळ वाचलीं आहेत. एका पक्ष्याचा ठावठिकाणाच बुडाल्याचें हें एकच.

इ. स. २०१४ सालीं हाच रानपिंगळा तुंगारच्या पूर्वेस, तानसाच्या अभयारण्यांत आढळला. आतां तानसाचें रान कां टिकलें? पिंगळ्याकरितां खास नव्हे. मुंबईस पाणी हवें म्हणून इ. स. १८९२ सालीं तेथें तलाव झाला, आणि पाण्याकरितां भोंवतालचें रान राखलें गेलें. ज्याचें नांवही कोणाच्या ध्यानीं नव्हतें तो पक्षी त्या आसऱ्यास राहिला. म्हणून एकेका जनावराच्या नांवानें दया करण्यापेक्षां त्याची जागा न मोडणें, हेंच रक्षण आम्हांस खरें वाटतें. त्यांत माणसाचाही लाभ असतो. एके ठिकाणीं झाडें तोडून दुसरीकडे तितकींच रोपें लावण्याचा जो हिशेब हल्लीं मांडतात, तो येथें चुकतो. पिंगळा जुन्या झाडाच्या ढोलींत अंडीं घालतो, आणि रोपास ढोली नसते.

तुंगारेश्वरचें रान इ. स. २००३ सालीं अभयारण्य झालें आणि वसई-विरारची महानगरपालिका इ. स. २००९ सालीं. शहर डोंगराच्या पायथ्याशीं येऊन भिडलें आहे, मधून अहमदाबादचा हमरस्ता अहोरात्र वाहतो, आणि शहराच्या पाण्याचा एक भाग त्याच पायथ्याच्या पेल्हार धरणांतून येतो. तानसास मुंबईनें जो सौदा नकळत केला, तो वसईस येथें जाणून करतां येण्यासारखा आहे.

इ. स. २०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यांत एक बिबळ्या शिरला. ज्या तटांवर मराठ्यांनीं सुरुंग लावले त्यांच्या आडोशास तो तीन आठवड्यांवर राहिला. किल्ल्यालगतच्या वस्तीनें त्या रात्री दारें लावून काढल्या, आणि त्यांची भीति खोटी नव्हती. वनखात्यानें पिंजरे लावले. एप्रिलांत तो सांपडला, आणि त्यास रानांत नेऊन सोडण्यांत आलें.