बंगल्याचं लॉन पावसात कुजू नये, उन्हाळ्यात जळू नये : मावळात वर्षभर अशी घ्या गवताची काळजी

वडगाव मावळ : लोणावळा, खंडाळा, कार्ला, पवनानगर भागात बंगले आणि फार्महाऊस वाढले, तसं आपल्या गावातल्या अनेकांना लॉन सांभाळायचं काम मिळालं. भात आपल्याला कळतो, पण लॉनचं तंत्र थोडं वेगळं आहे. गवत पिवळं पडलं की मालक आधी माळीकाम करणाऱ्यालाच विचारतो. म्हणून ही हंगामवार माहिती.

जागा बघून गवत निवडा
लॉनचं बहुतेक गवत म्हणजे आपल्या हरळीच्याच जातीचं. त्याला दिवसभर ऊन लागतं. आंब्या-फणसाच्या सावलीत ते विरळ होतं, तिथे रुंद पानाचं गवत लावावं. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तळेगावकडे त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे तळेगाव भागात जून-जुलैमध्ये लागवड चालते, पण घाटमाथ्यावर तेव्हा लावलेलं गवत मातीसकट वाहून जातं. तिथे जोराचा पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या मध्यानंतर लावलेलं बरं.

पावसाळा (जून ते सप्टेंबर)
- पाणी साचू देऊ नका. १०० फुटाला १ ते २ फूट उतार ठेवा, कडेने चर काढा. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात आणि बुरशी येते.
- उघडीप बघूनच कापा. ओल्या जमिनीवर मशिन फिरवलं की चाकोऱ्या पडतात.
- एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. दीड-दोन इंच उंची राहू द्या.
- मुसळधार पावसात युरिया टाकू नका. सगळा ओढ्याला जातो.
- लव्हाळा गाठीसकट उपटा. वरून कापला की पुन्हा फुटतो.

हुमणी ओळखा
पहिल्या वळवानंतर संध्याकाळी बाभूळ, कडुनिंबावर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते गोळा करा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत गोधडीसारखं हाताने उचललं जात असेल, तर खाली हुमणीने मुळं खाल्ली असं समजा. अळ्या वेचा. औषध लागलंच तर कृषी सहायकाला विचारून घ्या.

हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी)
ऑक्टोबरमध्ये लॉनला काट्याने भोकं पाडून माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत चाळून पसरा. थंडीत हरळीची वाढ मंदावते, रंग थोडा उतरतो. म्हणून घाबरून खत वाढवू नका. पाणी सकाळी मारा, संध्याकाळी नको. रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशी धरते.

उन्हाळा आणि पाण्याचा हिशोब
एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. त्यावर ५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर ५०० लिटर लागतं. पाच गुंठ्यांच्या लॉनला एका वेळी अडीच हजार लिटर! रोज वरवर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर द्या, मुळं खोल जातात. उन्हाळ्यात गवत थोडं उंच ठेवा, ओल टिकते.

हे पाणी कुठून येतं, हेही बघायला हवं. पवनेच्या पाण्यासाठी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला, हे मावळ विसरलेला नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर गेले, त्यात आपलं गहुंजेही होतं. २०१८ मध्ये तर गहुंजेच्या मैदानासाठी पवनेचं पाणी घ्यायलाच मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. एवढ्या मोठ्या मैदानाला नियम लागतो, तर बंगल्यालाही लागावा. गावची विहीर आटत असेल तर मालकाला स्पष्ट सांगा. हरळी सुकली तरी मरत नाही, पहिल्या पावसात पुन्हा फुटते.

खत टाकताना
एका गुंठ्याला एका वेळी १ किलो युरिया पुरे. कोरड्या पानावर, ऊन उतरल्यावर सारखा फेका आणि लगेच पाणी मारा. मी एकदा भर दुपारी टाकून जेवायला गेलो होतो. आलो तेव्हा मोटारीला लाईट नव्हती. दोन दिवसांत लॉनवर करपलेले डाग पडले आणि माझा अर्ध्या महिन्याचा पगार कापला गेला. तेव्हापासून आधी टाकी भरतो, मग पोतं उघडतो.

हे विसरू नका
कापलेलं गवत आपण म्हशीला नेतो. पण युरिया किंवा तणनाशक मारलेल्या लॉनचं गवत जनावराला घालू नका, विषबाधा होते. ब्रशकटर चालवताना चष्मा आणि बूट घाला, खडा डोळ्यात उडतो. वाढलेल्या गवतात हात घालण्याआधी काठी आपटा. फुरसं, घोणस आपल्याकडे आहेतच. साप चावला तर वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.