माळवदाचे जुने घर : दुरुस्ती की पाडकाम?

चौसाळा (जि. बीड) हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील गाव. अशा गावात जुने माळवदाचे घर हाती आल्यास ते दुरुस्त करून भाड्याने द्यावे की पाडून नवे बांधावे, हा प्रश्न गुंतवणूकदारापुढे असतो.

पहिली तपासणी भिंतींची करावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. माळवदावर एक फूट मातीचा थर असल्यास दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार येतो. गळती थांबवण्यासाठी वरचेवर माती टाकली, की तो वाढत जातो.

भिंतीला पोट आले असेल, कोपरे फाटले असतील किंवा तुळयांची टोके वाळवीने पोखरली असतील, तर पाडणेच हिताचे. भिंती ओळंब्यात असतील, तर माती उतरवून हलके छप्पर घालणे, भिंतीत आरपार दगड बसवणे व वर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवणे, हा मार्ग उरतो. हे काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे.

पाडण्यापूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा व सर्व वारसांची संमती पाहावी. महामार्गालगत नव्या बांधकामाला अंतर सोडावे लागत असल्याने पूर्वीइतकी जागा मिळेलच असे नाही. निघणारे सागवान व घडीव दगड यांची किंमतही हिशेबात धरावी.

छपराखाली भाडेकरूचे कुटुंब झोपणार असते. भाड्याचे गणित त्यानंतरचे.