वेड्या बाभळीची कुळकथा

झाड लावणे हे पुण्य आणि झाड तोडणे हे पाप, ही समजूत आपल्या मनात खोलवर रुजलेली आहे, आणि बहुतांशी ती योग्यही आहे. परंतु गावाकडच्या पडीक जमिनीवर घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबांपुढे आज निराळाच पेच उभा राहतो. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर नगर (आजचे अहिल्यानगर), बीड, सोलापूर या भागांतून कितीतरी माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेली. मागे राहिलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर नांगर फिरला नाही. आणि जेथे नांगर फिरत नाही, तेथे वेडी बाभूळ शिरते. निवृत्तीनंतर मुलाबाळांसह परतणाऱ्यांना वडिलांच्या शेताचे बांधही ओळखू येत नाहीत. हे रान तोडावे की राखावे, आणि तोडावे तर कसे, याचे उत्तर त्याच्या इतिहासात दडलेले आहे.

वेडी किंवा विलायती बाभूळ आपल्या मातीतली नव्हे. तिचे मूळ घर मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे व दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन व मद्रास इलाखा भीषण दुष्काळाने होरपळला. त्याच सुमारास कमी पाण्यावर वाढणारे जळणाचे झाड शोधणाऱ्या मद्रासच्या वनाधिकाऱ्यांनी १८७७ मध्ये जमेकाहून तिचे बी मागविले आणि कडप्पा भागात लावले. पुढे १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला ‘शाही झाड’ म्हणून गौरविले. १९६० नंतर कच्छचे रण पुढे सरकू नये म्हणून गुजरातच्या वनखात्याने बन्नीच्या गवताळ प्रदेशात ती हजारो हेक्टरांवर लावली. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. भूमिहीनांच्या चुली तिनेच पेटत्या ठेवल्या, हेही आपण विसरता कामा नये.

मग ती पसरली कशी? तिच्या शेंगा गोड असतात. शेळ्या-गुरे त्या आवडीने खातात, पण टणक बी पचत नाही. ते शेणा-लेंड्यांतून दूरवर पडते आणि तेथेच उगवते. पाला मात्र जनावरे सहसा तोंडाला लावीत नाहीत, त्यामुळे रोपाला चरण्याची भीती नाही. अशा रीतीने बन्नीचे गवत मागे हटले. तेथील मालधारी तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. आपल्या ‘वेडी बाभूळ’ या नावाचाही अर्थ तोच.

महाराष्ट्रात तिच्या जोडीला सुबाभूळ आली. मूळ मेक्सिकोकडच्या या झाडाच्या उंच वाढणाऱ्या जातींचा उरुळीकांचनच्या ‘बायफ’ संस्थेने १९७० नंतरच्या काळात चारा व जळण यांसाठी प्रसार केला. संस्थेचे संस्थापक मणिभाई देसाई यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चाऱ्याची गरज खरी होती आणि झाडानेही ती भागविली. पण जेथे कापणी थांबली, तेथे बी पडून सुबाभळीचेही रान माजले. जगातील शंभर उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत आज तिचे नाव आहे.

निर्मूलनाचा इतिहासही बोधप्रद आहे. २००४ मध्ये गुजरात सरकारने कोळशासाठी वेडी बाभूळ तोडण्यास मुभा दिली; कोळशाच्या भट्ट्यांत देशी झाडेही जाऊ लागली आणि २००८ मध्ये पुन्हा बंदी आली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतील ही झाडे सरसकट काढण्याचा आदेश दिला, पण तज्ज्ञांचे मत घेण्यासाठी त्याच वर्षी तो स्थगित झाला. घाईने लावलेले घाईने उपटता येत नाही, हाच याचा अर्थ.

म्हणून जेसीबी बोलावण्यापूर्वी जागेवरून एकदा पायी फिरावे आणि झाडे ओळखावीत. देशी बाभळीची फुले पिवळी व गोंड्यासारखी गोल, शेंगा मण्यांच्या माळेसारख्या. वेड्या बाभळीची फुले लांबट तुऱ्यांची, शेंगा पिवळट व जाड. सुबाभळीला काटे नसतात. तिची फुले पांढरी व गोल, शेंगा चपट्या व झुपक्यांनी लटकणाऱ्या. देशी बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर यांना खूण करून राखावे. आंबा, चिंच, जांभूळ, सागवान, खैर अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोड कशाचीही असो, तलाठी व वनखात्याकडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

वेडी बाभूळ नुसती बुंध्याशी छाटली, तर एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. जमिनीखाली वीत-दीड वीत खोल जाऊन, जेथून फुटवे निघतात तो गड्डाच खणून काढावा लागतो. शेंगा पिकून गळण्यापूर्वी हे काम झाले तर उत्तम. तरीही जुने बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. दर पावसाळ्यात कोवळी रोपे हाताने उपटीत राहावे लागते. निघालेले सरपण शेजारच्या गरजू घरांना द्यावे. इतकी वर्षे त्या रानावर त्यांचीच चूल चालली आहे. आणि मोकळ्या जागेत लगेच कडुनिंब, चिंच, करंज लावावे. उघडी जमीन वेडी बाभूळ पुन्हा बळकावते.

वेड्या बाभळीने जमीन आपल्याकडून हिरावून घेतली नाही. आपण सोडून गेलो, तेथे ती आली. तेव्हा परतणाऱ्यांनी केवळ घराचा पाया खणून भागणार नाही. चार-पाच पावसाळे त्या मातीवर नजर ठेवून उभे राहण्याची तयारी हवी. तेवढा धीर असेल, तरच ती जागा पुन्हा आपली होईल.