रॉकेट कुणाच्या अंगणातून उडालं?

१९७९ च्या जुलै महिन्यात मी नऊ वर्षांचा होतो आणि आमच्या हिंगोलीतल्या गल्लीनं मरणाची तयारी केली होती. अमेरिकेची स्कायलॅब नावाची अंतराळ प्रयोगशाळा आकाशातून खाली येत होती. सत्त्याहत्तर टनांची वस्तू, आणि ती नेमकी कुठं पडणार हे अमेरिकेलाही सांगता येत नव्हतं. कुणी उधारी मागायचं सोडून दिलं, कुणी ईदसाठी पाळलेला बोकड आधीच कापून खाल्ला. माझी दादी तसबीह ओढता ओढता एकच विचारायची, ‘ये ऊपर चढाया किसने? उसकू पूछो ना!’

११ जुलैला स्कायलॅब कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स गावाच्या नगरपालिकेनं उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोठावला. नासानं तो भरला नाही. तीस वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून तो भरला. रेडिओवाल्यांचं हे पुण्यकर्म इथं सांगायलाच हवं.

त्याच वर्षीच्या दिवाळीत मी आमच्या अंगणात बाटलीत रॉकेट लावलं. ते वर जायचं सोडून आडवं गेलं आणि शेजारच्या काकांच्या कडब्याच्या गंजीत शिरलं. गुरं दावणीची सोडवली, पण कडबा गेला. मी चौकशीत सांगितलं की रॉकेट दुकानातून आणलं होतं, ते वाकडं निघालं, त्यात माझी चूक नाही. अब्बा शिंपीकाम करायचे. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. काकांना म्हणाले, ‘दादा, पोर माझं, अंगण माझं. कडबा किती होता तेवढं सांगा.’ पैसे दोन हप्त्यांत फेडले.

आज खासगी कंपन्यांच्या रॉकेटांवर सरकारी नियंत्रण असावं की नसावं, हा वाद वाचताना मला तो कडबा आठवतो. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, कविता लिहितो. कवीला आकाश वापरायला परवाना लागत नाही. रॉकेटवाल्याला लागतो, आणि का लागतो याचा इतिहास मोठा रंजक आहे.

१९६० च्या दशकात अंतराळाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार घडत होता, तेव्हा रशियाचं म्हणणं होतं की अवकाशात फक्त सरकारांनीच जावं, व्यापाऱ्यांचं तिथं काम नाही. अमेरिकेला खासगी कंपन्यांचा रस्ता मोकळा ठेवायचा होता. शेवटी १९६७ च्या करारात तोड निघाली ती अशी: खासगी मंडळींनी खुशाल जावं, पण त्यांना परवानगी देणं, त्यांच्यावर सतत देखरेख ठेवणं आणि त्यांच्या कृत्याला उत्तर देणं त्यांच्या देशाच्या सरकारकडे. मग १९७२ साली नुकसानभरपाईचा वेगळा करार झाला. वस्तू उडवणारा देश तर जबाबदार आहेच, पण ज्याच्या भूमीवरून ती उडाली तो देशही जबाबदार. जमिनीवर नुकसान झालं तर चूक कुणाची हे सिद्ध करायचीही गरज नाही. पोर माझं, अंगण माझं. अब्बांनी हा करार वाचलेला नव्हता.

१९७८ च्या जानेवारीत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या बर्फात कोसळला. किरणोत्सर्गी तुकडे शेकडो मैलांवर विखुरले. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये रशियानं तीस लाख दिले. म्हणजे भरपाई मिळू शकते, पण निम्मी, आणि मागणारा कॅनडाएवढा मोठा लागतो.

हे सगळं सरकारांचं झालं. खासगी माणूस पहिल्यांदा दारात आला तेव्हा खुद्द अमेरिकेची फजिती झाली. टेक्सासमधल्या एका कंपनीनं क्षेपणास्त्राचं जुनं इंजिन नासाकडून विकत घेऊन कॉनेस्टोगा नावाचं रॉकेट बांधलं. कामावर देखरेखीला डीक स्लेटन हे माजी अंतराळवीर होते. जागा कुठली, तर समुद्रातल्या बेटावरचं गुरं चारायचं कुरण. पण परवानगी मागायची कुणाकडे? तसं खातंच नव्हतं. विमानवाल्या खात्याकडे जा, दारूगोळ्याच्या खात्याकडे जा, असं करत प्रकरण परराष्ट्र खात्यात पोचलं. तिथं ठरलं की रॉकेट देशाची हद्द सोडून वर जातं, म्हणजे ती शस्त्रास्त्रांची निर्यात आहे, तेव्हा निर्यात परवाना घ्या! आपल्याकडे तहसीलमध्ये जोडीला जोड कागद मागतात म्हणून आपण कुरकुरतो, पण हे त्याच्याही वरचं झालं. ९ सप्टेंबर १९८२ रोजी ते रॉकेट तीनशे किलोमीटरहून उंच जाऊन मेक्सिकोच्या आखातात पडलं.

या धावपळीतून अमेरिकेनं बोध घेतला. १९८४ साली कायदा करून परवान्याचं काम एकाच खात्याकडे, म्हणजे वाहतूक खात्याकडे दिलं. १९८८ मध्ये त्यात भरपाईची कलमं आली. कंपनीनं ठरावीक रकमेपर्यंत विमा उतरवायचा आणि त्यावरचं नुकसान काही मर्यादेपर्यंत सरकारनं सोसायचं. आज इलॉन मस्क यांची कंपनी परवान्याला उशीर होतो म्हणून जाहीर तक्रार करते. पण एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्याच स्टारशिपनं प्रक्षेपण तळाचं काँक्रीट उखडून दूरच्या गावावर धूळ उडवली, तेव्हा त्रेसष्ट दुरुस्त्या करायला लावणारं कुणीतरी होतं.

आपल्याकडे ही गोष्ट बरीच उशिरा सुरू झाली. १९६३ साली थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं तेव्हापासून जवळजवळ साठ वर्षं उडवणारं सरकारच होतं. खासगी कारखाने होते, पण सुटे भाग बनवण्यापुरते. विक्रोळीला गोदरेजमध्ये इंजिनं व्हायची, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला मोटारींची आवरणं. साखर कारखान्याची यंत्रं बनवणाऱ्या गावानं रॉकेटचे भाग बनवावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं ‘इन-स्पेस’ ही संस्था मंजूर केली. इस्रो स्वतःच रॉकेट उडवते, मग दुसऱ्याला परवानगी तिनंच का द्यावी, हा प्रश्न त्यामुळे सुटला. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचं विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून साडेएकोणनव्वद किलोमीटर उंच गेलं. देशातलं हे पहिलं खासगी रॉकेट. २०२३ मध्ये धोरण आलं आणि २०२४ मध्ये नियमावली. त्याच वर्षी ३० मे रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनंही स्वतःच्या तळावरून रॉकेट उडवलं.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो प्रयोगशाळेचं काम आहे. मला हॉटेलात हमखास विचारतात, ‘शायर, तिथून रॉकेट उडणार का?’ नाही. तिथून काहीच उडणार नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांमधून विश्वातल्या गुरुत्वीय लहरींची चाहूल घ्यायची आहे. रॉकेट समुद्रकाठावरून उडवतात, कारण त्याचे वापरून झालेले टप्पे पाण्यात पडावेत. हिंगोलीला समुद्र नाही, तेव्हा उडण्याचा मान आपल्याला मिळायचा नाही. पडण्याला मात्र समुद्राची अट नसते.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवा. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आम्ही गच्चीवर रमजानचा चाँद पाहिला होता. खाली गुढ्या नुकत्याच उतरलेल्या. पावणेआठच्या सुमाराला आकाशातून जळता पट्टा गेला. पोरं ओरडली, उल्का! दुसऱ्या दिवशी समजलं की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. चीनच्या रॉकेटचा तो टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक तांबूस पिंप वाहून आलं, ते आपल्या पीएसएलव्हीचं निघालं. कधी काका आपण, कधी अब्बा आपण.

आता कळीचा मुद्दा. लाडबोरीत एखादं घर मोडलं असतं, तर भारत सरकारला परदेशाकडे भरपाई मागता आली असती. १९७२ चा करार त्यासाठीच आहे. पण उद्या भारतीय कंपनीचं रॉकेट भारतीय शेतकऱ्याच्या आखाड्यावर पडलं तर? तो करार स्वतःच्या नागरिकांच्या नुकसानीला लागूच होत नाही. तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते ज्यानं त्यानं आपल्या देशाच्या कायद्यात पाहायचं. आणि आपल्याकडे धोरण आहे, नियमावली आहे, पण संसदेनं केलेला अंतराळ कायदा नाही. नियमावली कंपनीला बांधते. शेतकऱ्याला कोर्टात उभं राहायला कायद्याचं कलम लागतं.

असा कायदा करायचा म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारनं मसुदा प्रसिद्ध केला होता आणि लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मी पाठवली नाही. आपला काय संबंध, असं वाटलं. पुन्हा मागवल्या तर पोस्टकार्ड टाकणार आहे. अर्ज तालुक्याला द्यायची सोय करा, रॉकेट कुणाचं हे शोधायचं काम शेतकऱ्यावर टाकू नका, आणि कडब्याचा भाव त्या दिवशीच्या बाजाराचा धरा, एवढंच लिहीन.